सौम्याचा राहिलेला पेपर

२ जुलै, वडगाव

आले एकदाची बेळगावात! कणकुंबीची सकाळची बस, मांडीवर पुस्तकांची पिशवी, पायाशी तांदळाचं गाठोडं आणि शेजारी आप्पा. जांबोटी येईपर्यंत त्यांनी अख्ख्या बसला सांगून टाकलं होतं की पोरगी डॉक्टर होणार. गेल्या वर्षी 'नीट'मध्ये पोरीनं काय दिवे लावले ते मात्र शिताफीनं गिळलं. मी खिडकीबाहेर बघत बसले. दुसऱ्यांदा परीक्षेला बसणाऱ्या माणसाला खिडकीचा मोठा आधार असतो.

खोली झकास आहे. विणकरांची गल्ली, माडीवर एकच खोली, खिडकी रस्त्याकडे. खाली घरमालकीण मालुबाई एकट्याच राहतात. सकाळी शेजारच्या पॉवरलूमवर कामाला जातात, आणि दुपारी घरातल्या हातमागावर बसतात. माग माझ्या खोलीच्या बरोबर खाली येतो. आप्पांनी आवाजाची कुरकुर करून बघितली, तर मालुबाई म्हणाल्या, "सवय हुतीया अण्णा. घरात शिकणारी पोरगी पायजे बघा, दुसरं काय न्हाय." आप्पा विरघळले आणि पाच मिनिटांत त्यांनी मालुबाईंना आक्का करून टाकलं.

भिंतीवर आधीच्या मुलीचं वेळापत्रक चिकटवलेलं आहे. खाली बारीक अक्षरात नाव, करिष्मा. मी काढायला गेले तर मालुबाई म्हणाल्या, राहू दे की, काय खातंय तुझं? वाचलं तर खरंच शहाण्या मुलीचं वेळापत्रक आहे. रोज दुपारी दोन ते पाच सराव पेपर, कारण खरी परीक्षा त्याच वेळेला असते. उगाच नवं कशाला करा?

ही वही आईनं दिली. मी घरात फार बोलते, तर तिथं बोलायचं ते सगळं हिच्याशी बोल म्हणाली. बरं बाई, बोलते.

२१ जुलै

क्लास टिळकवाडीत. पुढचे बाक पहिल्या नंबरवाल्यांचे, मागचे आमचे. नागेंद्र सरांना अजून माझं नाव माहीत नाही, 'ए कणकुंबी' म्हणतात. गावाला तरी प्रसिद्धी मिळतेय.

गेल्या वर्षी माझं घोडं अडलं ते वेळेवर. येत सगळं होतं, पण एका मिनिटाला एक प्रश्न हा हिशेबच माझ्या हातात बसत नव्हता. एखादं गणित आवडलं की मी त्याच्याशी गप्पा मारत बसायची. इथं मात्र गंमत झालीय. दोन वाजता मी पेपर उघडते, खाली मालुबाई मागावर बसतात, आणि त्यांच्या ठोक्यावर माझे प्रश्न सरकायला लागतात. घड्याळाकडे बघावंसुद्धा लागत नाही.

आज मागाचा ताणा संपला, म्हणजे लांबीला ताणलेले धागे संपले. मला वाटलं आता सगळं पहिल्यापासून ओवायचं. तसं नसतं. जुन्या धाग्यांची वीतभर टोकं मागावर तशीच ठेवतात आणि त्यांना नव्या ताण्याचा एकेक धागा सांधतात. मालुबाई बोटांना चुलीतली राख लावून धाग्याला धागा पिळत होत्या. मग हलकेच ओढलं की जुन्याच्या मागोमाग नवा आपोआप पुढं येतो. कापड पूर्ण झालं की तेवढं कापून घ्यायचं आणि टोकं पुन्हा मागावर, पुढच्या ताण्यासाठी.

हे कापड त्या विकत नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, "सौम्याचं हाय." सौम्या त्यांची मुलगी. तीही 'नीट'ला बसलेली. त्या दिवशी अंगात ताप होता, अर्ध्या पेपरात बाकावरच कोसळली आणि दोन दिवसांत गेली. डॉक्टर होशील त्या दिवशी नेसायला म्हणून आईनं हे मागावर चढवलं होतं. सांगताना मालुबाई रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पेपर अर्धाच राह्यला बघ पोरीचा."

मला भडभडून आलं. मी म्हटलं, मी पण तुमच्या मुलीसारखीच की. तुमच्या सौम्याचा पेपर मी पूर्ण करीन.

त्यांनी मला मागासमोर पाटावर बसवलं. मग तेलाची वाटी आणून माझी वेणी घातली. आईचा हातसुद्धा इतका हलका नाही. कंगव्यात आलेले केस टाकले नाहीत, बोटाला गुंडाळून कमरेला खोवले.

१४ सप्टेंबर

क्लासच्या परीक्षेत पुढच्या बाकावर बढती! नागेंद्र सरांनी चक्क नाव विचारलं. आप्पांना फोन केला, तर त्यांचा आवाज इतका फुलला की मीच लाजले.

एक विचित्र गोष्ट. उत्तरांचे गोल मी डाव्या हातानं रंगवते आहे. कधीपासून, ते माहीत नाही. शेजारच्या मुलीनं दाखवलं तेव्हा कळलं. मी जन्मापासून उजवी. ही वहीसुद्धा उजव्यानंच लिहिते. घरी येऊन मालुबाईंना सांगितलं, तर पोळी लाटता लाटता हसल्या. म्हणाल्या, "सौम्या बी डावरीच हुती."

५ नोव्हेंबर

करिष्माला शोधून काढलं. इथंच शहापूरला साड्यांच्या दुकानात कामाला आहे. मनात होतं की भौतिकशास्त्राचे दोन शब्द विचारावेत आणि डाव्या हाताचंही.

ती घड्या घालत होती. दोन हाका मारल्यावर वर बघितलं. हुशार मुलगी होती म्हणे, तीन आकडी गुणाकार तोंडी करायची. आता गिऱ्हाईकानं साधा रंग विचारला तरी थांबते आणि मालकाकडे बघते. कुरळे केस तिनं पार कापून टाकलेत.

मी कुठं राहते ते सांगितलं. तिनं पहिलं विचारलं की तुझी वेणी कोण घालतं?

मग काउंटरवरून वाकून हळू बोलली. पेपरात सौम्या जिथं कोसळली तिथं तिचाही हात थांबला. पुढं एकही गोल रंगवता आला नाही. नापास झाली, आणि लोकांनी किती हळहळ केली. "नापास झाले म्हणून अर्धी का हुईना, सुटले गं," म्हणाली. "माझं राह्यलेलं टोक तिकडंच हाय. पेपर पुरा झाला असता तर आख्खीच तिकडं राह्यले असते."

मालक ओरडला आणि ती परत घड्या घालायला लागली. मी येताना रिक्षात स्वतःला समजावलं की डोक्यावर परिणाम झालाय बिचारीच्या.

९ नोव्हेंबर

मालुबाई कामाला गेल्यावर मागाजवळ गेले. नुसतं बघायला.

जिथं जुलैत धागे सांधले, त्या गाठींची ओळ अजून कापडात गुंडाळली गेलेली नाही, वर दिसते. प्रत्येक गाठीवर मागाहून एकेक काळा केस पिळलेला आहे. लांब. माझा.

आधीच्या गुंडाळीची कड उलगडली. खाली तशीच एक ओळ. तिच्यातले केस कुरळे. करिष्माचे. त्याच्याखाली आणखी एक. मी पुढं बघितलं नाही.

आप्पांना फोन केला. सगळं सांगितलं. मला न्यायला या म्हटलं. आप्पा चिडले. "मार्क वाढाय लागलेत आन् आता येड्यागत काय बोलतीस? लोकांच्या पोरी एवढ्या मायेनं सांभाळतंय का कोण?" आईनं फोन घेतला. म्हणाली, "तू हल्ली लई गोड बोलतीस गं. फोनवर पहिल्यासारखी खेकसत न्हाईस. तिथंच ऱ्हा."

म्हणजे आईला फरक कळला. कळला, आणि तिला तो आवडला.

२० डिसेंबर

केस कापले. स्वतःच, कात्रीनं, मानेपर्यंत.

मालुबाईंनी बघितलं आणि जेवायला वाढलं. म्हणाल्या, आता कापून काय उपेग, जेवढे लागत हुते तेवढे मिळाले की.

दोनला त्या मागावर बसल्या. मी ठरवलं होतं की पेपर उघडायचाच नाही. खिडकीशी उभी राहिले. पाचला भानावर आले तेव्हा टेबलाशी होते. सगळे गोल रंगवलेले. सगळे बरोबर.

१ फेब्रुवारी

आप्पा आले होते. मी दोन दिवस घोकून ठेवलं होतं, तोंडावर सगळं सांगायचं. पाय धरायचे. पिशवी भरून दाराशी ठेवलेली.

तोंड उघडलं आणि आवाज आला, "आप्पा, मला इथं लई बरं वाटतंय."

मी नाही बोलले ते. मी आत ओरडत होते. आप्पांचे डोळे पाणावले. मी लहानपणापासून त्यांना उलट उत्तरं देत आले, ही मुलगी देत नाही. मालुबाईंनी चहा केला. दोघांनी माझ्याकडं बघून एकमेकांकडं बघितलं. पसंत पडली मुलगी दोघांना.

पिशवी आप्पांनीच वर नेऊन ठेवली.

१९ मार्च

दिवसाचा आता थोडाच भाग माझा. उजवा हात लिहितो तेवढा. बाकी वेळ ती, सौम्या. अभ्यास करते, हसते, सरांना शंका विचारते. शहाणी आहे. माझ्यापेक्षा किती शहाणी, याचंच सगळ्यांना कौतुक.

काल ती मालुबाईंना आई म्हणाली. माझ्या तोंडानं.

एकच वाट उरलीय. नापास व्हायचं. करिष्मासारखं अर्ध्यात थांबायचं. डॉक्टर होण्यासाठी आले होते मी इथं — आता देवाला रोज सांगते, मला नापास कर.

२ मे

उद्या परीक्षा. गावच्या देवळात आप्पांनी अभिषेक ठेवलाय. पोरीनं पास व्हावं म्हणून. आई उपाशी आहे.

कुणीच नाही माझ्या बाजूला. देवसुद्धा त्यांचंच ऐकणार.

३ मे, संध्याकाळ

केंद्र हिंडलग्याच्या बाजूला होतं. वडगाव किती लांब. वाटलं, तिथवर माग पोचणार नाही.

अर्धा पेपर झाला आणि हात थांबला. जिथं ती कोसळली तिथंच. डावा हात कागदावर नुसता पडून. मला इतका आनंद झाला — कधीच नव्हता झाला तेवढा. बसून राहिले. घड्याळ पुढं जात होतं. जाऊ दे म्हटलं. शेजारची मुलगी रडत होती वेळ संपतेय म्हणून, आणि मी —

मग ठोका ऐकू आला. तिथं. बाकाच्या खालून. माझ्या हाडातून.

हात उचलला गेला.

पेपर पूर्ण झाला. शेवटच्या गोलापर्यंत.

घरी आले तर दारात मालुबाई उभ्या होत्या. कुशीत घेतलं — तिला.

४ मे

क्लासनं उत्तरं लावली. मार्क भरपूर. सरकारी कॉलेज मिळणारच, सर स्वतः घरी येऊन सांगून गेले. आप्पा कुंदा घेऊन आलेत. खाली बसलेत सगळे. ती हसतेय, मला ऐकू येतं. मग मी वर कशी — कोण लिहितंय हे —

उजवा हात दिसत नाही नीट. अक्षर उमटतं एवढं कळतं.

मालुबाई विचारतायत, बेळगावातच कॉलेज मिळालं तर पोरगी माझ्याकडंच ऱ्हाऊ दे की. आप्पा म्हणाले, तुमचीच समजा आक्का.

तुमचीच समजा.

आप्पा, एकदा वर या. वेळापत्रक काढायला तरी. खाली बसलीय ती मी नाही, तिला विचारा लहानपणी मी ओढ्यात — विचारा काहीही — नाही विचारणार तुम्ही. तुम्हाला मिळाली ना डॉक्टर.

मालुबाई मागाकडं गेल्या. कापड पूर्ण झालं म्हणतात. आप्पांना दाखवतायत. आप्पा म्हणतात, काय सुंदर काम हो आक्का.

मालुबाईंनी कात्री मागितली. तिनंच आणून दिली, डाव्या हातानं.

कापलेलं तिच्या खांद्यावर घालतील. मागावर मागं राहतं ते टोक — पुढच्या मुलीसाठी — जुलैत कुणी येईल, तिला कुणीतरी सांगा की वेणी —

आप्पा, मी त्या टो