फक्त चुकलेली गणितं

ता. ३ ऑगस्ट

चि. भिंगरी हीस आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. सोबतचं अभ्यासाचं वेळापत्रकही. चार रंगांची पेनं वापरून ते इतकं देखणं केलं आहेस की त्यात दोन दिवस गेले असणार. त्या दोन दिवसांत गणितं किती सोडवलीस, ते मात्र लिहिलेलं नाहीस.

तू नववीत आहेस. पहिल्या चाचणीत गणितात शंभरपैकी एकतीस. नोव्हेंबरच्या परीक्षेत पन्नास मिळाले नाहीत, तर पुढच्या वर्षी शाळा तुला 'मोठं गणित' घेऊ देणार नाही, 'सोप्या गणिता'च्या वर्गात बसवणार. त्यानं काय बिघडतं, असं तू विचारतेस. अगं, मी कॉलेजच्या प्रवेशखिडकीमागे तीस वर्षं काढली. हवा तो रस्ता आपल्याला नववीतच बंद झाला, हे सतराव्या वर्षी खिडकीशी उभं राहून पहिल्यांदा ऐकणारी मुलं मी पाहिली आहेत. त्या रांगेत मला तू नको आहेस.

तेव्हा दोन कामं. दर शनिवारी मला फक्त चुकलेली गणितं पाठव. बरोबर आलेली बाबाला दाखव, तो खूश होईल. दुसरं, गणित लागतं असं कुणाचं तरी काम प्रत्यक्ष जाऊन बघ. मला फोन करू नकोस, लिही. फोनवर तू नुसतं हो हो करतेस.

माया आहेच, पत्रात ती शोधत बसू नकोस.

तुझी आत्या


ता. २ सप्टेंबर

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

चुकलेली गणितं पाठवायची मला लाज वाटली, म्हणून आधी ती सुधारली आणि छान अक्षरात उतरवून पाठवली. त्यावर तुझं कार्ड आलं की, यात चुका कुठे आहेत, का माझ्याकडून शाबासकी उकळायचा बेत आहे? बाबा ते सगळ्यांना वाचून दाखवतात. आता खाडाखोडीसकट अकरा पानं पाठवते आहे. बाबा शेजारी घड्याळ घेऊन बसतात आणि एका गणिताला दोन मिनिटं देतात, म्हणून अक्षर तसं आलं आहे.

दुसरं कामही केलं. मैत्रिणीची मावशी कृत्रिम पाय बनवते, तिच्या कार्यशाळेत गेले. सगळीकडे प्लास्टरची पांढरी धूळ, आणि भिंतीला ओळीनं टांगलेले पाय! आधी भीती वाटली. एक आजोबा नवा पाय लावून दोन दांड्यांच्या मधून चालत होते. पाय किंचित कलला होता, तर मावशीनं कोन मोजला, कागदावर आकडेमोड केली आणि एक स्क्रू अगदी जरासा फिरवला. आजोबा पुन्हा चालले, आणि मग हात सोडून चालले. ते मावशीला म्हणाले की आता बायकोला पकडता येईल.

आत्या, मला हेच करायचं आहे. मावशीला विचारलं, तर ती म्हणाली की बारावीनंतर चार वर्षं शिकावं लागतं, आणि मोठं गणित नसेल तर दारातूनच परत पाठवतात. आणि माझे तर एकतीस.

रागावलीस तरी उत्तर लवकर पाठव.

तुझी भिंगरी


ता. ८ सप्टेंबर

चि. धाकट्यास अ. आ. वि. वि.

तुझ्या लेकीची अकरा पानं तपासली. तिला गणित येतं. चुका सगळ्या एकाच जातीच्या आहेत: मधल्या दोन पायऱ्या ती मनातल्या मनात करते, उणे चिन्ह वाटेत सांडतं आणि पुढचं सगळं कोसळतं. घाई कसली, तर तू दोन मिनिटं मोजत बसतोस! अरे, ती मुलगी आहे की उकडायला टाकलेलं अंडं? ते घड्याळ आजच्या आज बंद कर. असला अभ्यास घ्यायला तुला शिकवलं कुणी?

सविस्तर उत्तराची वाट पाहणारी,
तुझी ताई


ता. १३ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू शिकवलंस.

मी नववीत होतो, तू कॉलेजात. आई कामावर गेली की तू हातातलं घड्याळ काढून माझ्यासमोर ठेवायचीस. दोन मिनिटांत गणित झालं नाही तर वही ओढून घ्यायचीस. मी पास झालो, म्हणून मला वाटलं, अभ्यास असाच घेतात. परीक्षेच्या दिवशी सकाळी मला उलट्या व्हायच्या, ते तुला कधी बोललो नाही.

रागानं लिहीत नाही. घड्याळ कपाटात टाकलं आहे. पण मग तिच्या शेजारी बसून मी करू काय, तेही तूच सांग.

तुझा,
धाकटा


ता. २० सप्टेंबर

चि. धाकट्यास अ. आ. वि. वि.

तीनदा लिहायला बसले आणि उठले. माझं चुकलं. मी एकोणीस वर्षांची होते. तू नापास झालास तर तो माझाच निकाल, असं धरून चालले होते. तुझ्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही. हे मी तुला तीस वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं.

काय करू विचारतोस, तर भाजी निवड. पेपर वाच. तिनं हाक मारली तरच मान वर कर. तिला सांग, प्रत्येक पायरी कागदावर उतरली पाहिजे. वेळ लावून पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवायची ती शेवटच्या दोन आठवड्यांत, आणि तो गजर तिचा तिनं लावायचा.

आणि तू नीट जेवत जा.

ताई


ता. २९ नोव्हेंबर

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

चोपन्न! शेवटचं गणित वेळेअभावी राहिलं, कारण आधीच्या सगळ्यांच्या पायऱ्या लिहिल्या. बाई म्हणाल्या की माझा पेपर पहिल्यांदाच वाचता आला. बाबा आता भाजी इतकी बारीक निवडतात की आई म्हणते, परीक्षा संपली असली तरी यांना बसू दे.

शाळेनं विषयनिवडीचा फॉर्म दिला. माझ्या रकान्यात मी 'मोठं गणित' लिहिलं. खाली पालकांच्या मतासाठी सहा ओळी होत्या. बाबा दोन दिवस तो फॉर्म घेऊन घरभर फिरले. मला वाटलं, त्यांच्या लाडक्या इंजिनिअरिंगवर निबंध येणार. आज शाळेत देताना वाचलं. सहा ओळींपैकी एकच भरली होती: 'तिला विचारलं. तिचं उत्तर वर आहे.'

पुढचं वर्ष कठीण आहे म्हणतात. तेव्हा आतापासूनच शनिवार मोकळा ठेव, ही विनंती.

तुझी भिंगरी