जावई बोलते झाले

बुलढाणा, ११ नोव्हेंबर २०२४

ती. आईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

फोन सोडून पत्र कसं काय, असं तुला वाटेल. डॉक्टरीणबाईंनी घरात फोन बाजूला ठेवायला सांगितलाय. तुझी नात अडीच वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नाही, म्हणून शनिवारी तिला दाखवून आणलं. प्रेरणाचे कान चांगले आहेत, सांगितलेलं सगळं समजतं. मग बाईंनी विचारलं, की घरात तिच्याशी बोलतं कोण. आई, मला मान वर करवेना.

मी शाळेत शिकवते, तेव्हा पोरीच्या कानावर शुद्धच भाषा पडावी हा माझा हट्ट. गावाकडची बोली घरात काढायची नाही, असं मीच तुझ्या जावयाला, प्रसेनजितला बजावलं. एसटीत तिकिटं देताना अख्ख्या गाडीला हसवणारा माणूस घरात तोंडाला कुलूप लावून बसतो, चूक होऊ नये म्हणून! आणि मी वह्या तपासताना तिच्यापुढे मोबाइलवर गाणी लावते. पोरगी बोललीच नाही तर? फार भीती वाटते गं.

रागाव हवं तर, पण लोभ कमी करू नकोस.

तुझी,
मंजू


उंद्री, १६ नोव्हेंबर

चि. मंजूले अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. आधी राग आला, मंग हसूच आलं. कंडक्टरले गप्प बसवणारी तूच पहिली बाई असशीन वं!

जावईबापूले माह्या नावानं सांग, तोंड उघडा. आंघोळ घालताना, भाकर चारताना, जे हातात हाय त्याचं नाव घेऊन पोरीसंग बोला. कोणत्याही बोलीत बोला, पण रोज बोला. तुहे बाबा तुले बांधावर बसवून दिवसभर बडबड करत, तवा कुठी तू मास्तरीण झाली. त्यांची बोली तुले काऊन नडली नाही?

अन् काही इचारलं की थांब. तुम्ही मास्तर लोक सवाल बी करता अन् जवाब बी तुम्हीच देता. मनात दहा आकडे मोज. तिनं नुसतं बोट दाखवलं तरी ते बोलणंच हाय, त्याले शब्द जोड. डॉक्टरीनबाईकडं जाणं सोडू नको.

पोरीचा मुका घे. तुह्या घरी आता गलका होऊ दे, हाच आशीर्वाद.

तुही आई,
जनका


बुलढाणा, ५ जानेवारी २०२५

ती. आईस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र वाचलं आणि प्रसेनजितच्या बोलण्याचा बांधच फुटला. कोण म्हातारी कोंबडी घेऊन गाडीत चढली, कोंबडीचं तिकीट काढायचं का, सगळं तो पोरीला सांगतो आणि विचारतोही. ती खुदुखुदु हसते, हातवारे करते. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. पण शब्द काही येईना. मी आतून खचत होते.

आज दुपारी तो धाडच्या बाजारातल्या शेंगा फोडत बसला. पहिला दाणा कोणाला, असं त्यानं विचारलं आणि थांबला. उत्तर माझ्या ओठांवर आलेलं, त्यानं डोळ्यांनीच दटावलं. मी मनात मोजायला लागले. सात झाले आणि आई, ती बोलली: ‘मले!’

त्यानं तिला उचलून घरभर नाचवलं. शेजारच्या सत्यभामाबाई काय झालं म्हणून धावत आल्या. मला तर रडूच कोसळलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, खाली उतरली, एक दाणा माझ्या तोंडाशी धरला आणि म्हणाली, ‘तुले.’

पुढचं लिहवत नाही. बाबांना जयभीम. तुझी माया अशीच राहू दे, मले लई लागते.

तुही,
मंजू