हद्दीपलीकडे चाललेलं स्टेडियम

प्रिय वेंडेल,

आज कॅन्ससच्या विधानसभेत, फुटबॉलचं स्टेडियम तुमच्या शेजारच्या मिसूरीतून आमच्या राज्यात आणायच्या बाजूने मी मत दिलं. स्टेडियमसमोरचं तुझं बार्बेक्यूचं दुकान सामन्यांच्या गर्दीवरच चालतं, हे ठाऊक असूनही. माझ्या मतदारसंघातल्या पोरांना कामं मिळतील म्हणून.

संध्याकाळी तुझा फोन आला. "ताई, हरलो गं! पण तू आमच्यासाठी भांडली असशील. गिऱ्हाइकांना बजावलंय मी, माझ्या बहिणीला कुणी नावं ठेवायची नाहीत."

मी एवढंच विचारलं, "जेवलास का?"

उद्या कुणी कसं मत दिलं ते पेपरात येईल. त्याआधी तुला कळवावं म्हणून लिहायला बसले, पण हे पत्र पाठवणं म्हणजे तोंड लपवणंच. गाडी काढतेय. तुझ्या गिऱ्हाइकांसमोरच सांगते.

तुझीच,
ओडेसा