धुराड्यावरची तीन अंडी

ती. स्व. दाजी यांस,

गुडघा परवानगी देईल तितकं खाली वाकून नमस्कार. तुमचा खोकला उतरला असेल, ताई अजून तुम्हाला बिनसाखरेचा चहा देत असेल आणि तिची पाठ वळताच तुम्ही साखर घालत असाल, असं धरून चालतो. (पत्र आधी ताई वाचते हे आत्ता आठवलं. माफ करा.) इकडे सगळे ठणठणीत आहेत, मी सोडून, आणि माझं दुखणं औषधाचं नाही.

मी आठवडाभर घड्याळं दुरुस्त करतो आणि रविवारी पक्षी बघतो, हे तुम्ही जाणताच. आमच्या पक्षीमंडळाचा मी सतरा वर्षं चिटणीस. नियमही मीच लिहिले. पहिलाच नियम : घरट्याचा ठावठिकाणा सख्ख्या भावालाही सांगायचा नाही. ("पक्षी आहेत की फरारी आरोपी?" असं तुम्ही तेव्हा विचारलं होतंत.) तर माझ्या वरच्या मजल्यावरच्या दुकानाच्या खिडकीसमोर बंद कारखान्याचं धुराडं आहे. त्याच्या कठड्यावर यंदा ससाण्याच्या जोडीनं चार अंडी घातली. इथे वीस वर्षांत कुणी ससाण्याचं घरटं पाहिलेलं नाही. दहा दिवस मी तोंड शिवून बसलो. अकराव्या दिवशी राहवेना. फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘ठिकाण विचारू नये.’ आपण चिटणीसपदाला शोभलो म्हणून स्वतःवर खूशही झालो. फोटोच्या कोपऱ्यात माझ्या दुकानाबाहेर टांगलेलं रंगवलेलं घड्याळ आलं होतं. कायम दहा वाजून दहा मिनिटं दाखवणारं ते घड्याळ सगळं गाव ओळखतं.

दुसऱ्याच दिवशी कारखान्याच्या आवारात अकरा माणसं हजर. एकानं मोबाइलवर ससाण्याची हाक वाजवली, तसा नर कावराबावरा होऊन घिरट्या घालू लागला. आमच्या दंतवैद्याला, म्हणजे मंडळातल्या सर्वांत मोठ्या लेन्सच्या मालकाला, मादीचा उडतानाचा फोटो हवा होता. त्यानं धुराड्यावर खडा मारला. मादी उठली. मी खिडकीतून हातवारे करत ओरडत होतो आणि ते सगळे खालून मला हात हलवून दाखवत होते. मादी चाळीस मिनिटं परतली नाही, आणि तेवढ्यात कावळ्यानं एक अंडं नेलं. दाजी, खडा त्यानं मारला, पण बोट मी दाखवलं होतं. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

खाली जाऊन मी पहिला नियम खणखणीत आवाजात म्हणून दाखवला. दंतवैद्यानं अगदी अदबीनं विचारलं, "चिटणीस, फोटो कुणी टाकला होता?" पुढच्या रविवारी ते पाहुण्यांसह येणार असं कळलं, तेव्हा सतरा वर्षांत पहिल्यांदा खोटं बोललो : घरटं मोडलं, जोडी निघून गेली. बसलेली मादी खालून दिसत नाही आणि मी खोटं बोलत नाही, म्हणून सगळ्यांना पटलं. ती तीन अंड्यांवर बसली आहे. पिल्लं उडायला दोन महिने तरी लागतील. मी पडदा ओढून काम करतो. दुर्बीण कपाटात ठेवून किल्ली ताईच्या भावजयीकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे दिली आहे.

(हे तुम्हाला सांगून नियम पुन्हा मोडला का? नियमात भाऊ आहे, दाजी नाहीत. तपासून पाहिलं.)

तुमचा,
चिटणीस म्हणवून घ्यायला लाजणारा मेहुणा

ता. क. : "निघून गेली म्हणजे कुठे?" असं दंतवैद्यानं विचारलं, तेव्हा मला एकच पत्ता तोंडपाठ आठवला. रविवारी सकाळी तुमच्या फाटकासमोर दुर्बिणीवाले उभे दिसतील. कृपा करून ‘इथे काही नाही’ म्हणू नका. तोंडावर बोट ठेवा आणि अधूनमधून गच्चीवरच्या टाकीकडे काळजीनं बघा. तीस वर्षं परीक्षेच्या हॉलवर पहारा केलात, तुम्हाला जमेल.

ता. क. २ (ताईसाठी) : दोन महिने त्यांच्या चहात साखर तूच घाल. आणि शेजारणीला सांगू नकोस.

ता. क. ३ : दाजी, कुणी खडा उचलला तर मात्र खरंच ओरडा. टाकीवर काही नाही हे त्या वेळी विसरा. मी ओरडलो, पण फार लांबून आणि फार उशिरा.