यंत्रात मासळीच दिसो

मी, श्रीमती मालिनी हरिहर शेवडे, वय वर्षे सहासष्ट, धंदा कारखानदारी, राहणार रत्नागिरी, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. शंका असेल त्याने माझ्याशी एकदा तांब्याच्या तारेच्या भावाबद्दल बोलून पाहावे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. मिळकत कुठून आली ते आधी सांगते. माझे यजमान कै. हरिहर हे डेन्मार्कच्या व्हेस्टरहोल्म कंपनीचे मुंबईतले प्रतिनिधी होते. कंपनीचे मालक लिंडगार्डसाहेब. त्यांनी तिकडे डेन्मार्कात बंदरावरच्या एका शेडमध्ये मच्छीमार बोटींसाठी पाण्याखालचे मासे दाखवणारे यंत्र करायला घेतले. तेच यंत्र जरा सुधारले की पाणबुडीही दाखवते, हे आरमारांच्या लक्षात आले आणि कंपनी फोफावली. लहानसहान कंपन्या गिळत गिळत ती केवढी झाली, ते सगळे ह्यांनी पाहिले. पुढे ह्यांची प्रकृती बिघडून आम्ही रत्नागिरीस परतलो. तेव्हा यंत्रात लागणाऱ्या तांब्याच्या तारेच्या कॉइली गुंडाळायचे काम साहेबांनी इथे दिले आणि मिरजोळ्याला एमआयडीसीत आमचा कारखाना उभा राहिला.

शहात्तर साली हे गेले. दिवसवार आटोपल्यावर साहेब स्वतः आले. ओटीवर बसून फणसपोळी खाल्ली आणि विचारले, "मॅडम, तुम्ही चालवाल?" बँकेने, दिरांनी, आळीने कोणीच मला हे विचारले नव्हते, सगळे कुलूप कधी लावणार एवढेच विचारत होते. मी हो म्हटले. पुढची ऑर्डर माझ्या नावाने आली. त्या एका प्रश्नाने मला पुन्हा उभे केले. साहेब हयात आहेत तोवर दर वर्षी त्यांना फणसपोळी पाठवावी, आणि ती घरची असावी, बाजारची नको.

२. राहते घर आणि भाट्याची आंब्याची बाग माझा एकुलता मुलगा चि. श्याम यास द्यावी. बागेतली विहीर बुजवू नये.

३. शेजारचे नाना मुळ्ये हल्ली पेपरातल्या परदेशी तोफांच्या बातम्या वाचून ह्यांना 'दलाल' म्हणत सुटले आहेत. पगारावेगळे ह्यांनी कंपनीकडून एकच घेतले, ते म्हणजे भिंतीवरचे घड्याळ, आणि ते पहिल्यापासून मागे पडते. ते नानांना द्यावे. दलालीचा माल घरात आला म्हणजे त्यांचा जीव शांत होईल.

४. आता कारखाना. श्याम आज त्याच कंपनीच्या मुंबई कचेरीत आहे. लिंडगार्डसाहेब निवृत्त झाले. नव्या लोकांना माझा कारखाना विकत हवा आहे. गणपतीत श्याम घरी आला तेव्हा मी विचारले, "त्यांच्याकडे एवढी यंत्रे आहेत, मग माझी शेड कशाला?"

"आई, आपल्या आरमाराची मान्यता तुझ्या कारखान्याच्या नावावर आहे. ती घेऊन काम बंगळूरला नेतील."

"आणि इथे काम करणाऱ्या बायका?"

श्यामने हातातला मोदक ताटात ठेवला. मग म्हणाला, "इथे कुलूप." सौदा झाला तर त्याला मॅनेजर करणार आहेत, हेही त्याने लपवले नाही. श्याम, तू खोटे बोलला नाहीस, याचा मला अभिमान वाटतो. तुझी बढती माझ्यामुळे हुकेल याचे वाईटही वाटते.

कारखाना मी विकणार नाही. माझ्या पश्चात तो, यंत्रे व मान्यतेसह, आमच्याकडे काम करणाऱ्या बायकांनी सहकारी संस्था काढून चालवावा. अध्यक्ष काशी गोताड. तिच्या हातची कॉइल आजवर परत आलेली नाही, आणि तिचा मुलगा शिवा आरमारात बोटीवर आहे. ती कॉइल डब्यात ठेवताना त्याचे नाव घेते. मी ऐकून न ऐकल्यासारखे करते.

५. शेवटची अट. कारखान्याचा मुहूर्त बहात्तरच्या दसऱ्याला झाला. युद्ध संपून वर्षही झाले नव्हते आणि कंपनीला ऑर्डरी पुरवता येत नव्हत्या. साहेब आले होते. आमचा वॉचमन रावजी याने नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले:

"बा देवा म्हाराजा! ह्या परमुलखातल्या सायबानं आज हितं धंदा मांडलाय, त्येला बरकत दे. ह्येची यंत्रं भरपूर खपूदेत. पन त्यात बगावं तवा मासलीच दिसूदे, दुश्मनाची पानबुडी कंदी दिसू देऊ नको. बोटीवरची पोरं हाडामासानं घरला येवूदेत!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

साहेबांनी अर्थ विचारला. ह्यांनी इंग्रजीत सांगितला. ज्याचा धंदा लढायांवर वाढत होता तो माणूस टोपी काढून म्हणाला, "रावजीला पुन्हा म्हणायला सांगा." रावजीने पुन्हा घातले आणि साहेबही आमच्याबरोबर "व्हय म्हाराजा" म्हणाले. रावजी आता नाही. दर दसऱ्याला हेच गाऱ्हाणे काशीने घालावे. शब्द बदलू नयेत.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी मी चि. श्याम यास नेमते. ज्याचे नुकसान होते त्यालाच नेमू नका, असे वकिलांनी बजावले. त्यांना काय ठाऊक! श्याम, त्या मुहूर्ताच्या दसऱ्याला तू कॉलेजात होतास आणि सुट्टीत घरी आला होतास. रावजीच्या मागे उभा राहून दोन्ही वेळा सर्वांत मोठ्याने "व्हय म्हाराजा" तूच म्हणाला होतास. मी तुझ्या शेजारीच होते.

सही: मालिनी हरिहर शेवडे

लिहून देणारीने आमच्यासमोर व आम्ही तिच्यासमोर सह्या केल्या:
१. गंगाराम भागोजी पाडावे, बर्फ कारखानदार, मिरकरवाडा
२. हेमा दत्तात्रय पाध्ये, शिक्षिका, रत्नागिरी

रत्नागिरी, दि. १४ नोव्हेंबर १९८८