सतरा नंबरच्या शीटवरची वस्ती

सोमवार, ४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं आणि वहिनीचं पत्र निरोप समारंभाच्या दिवशीच मिळालं. हार, भाषणं, चहा सगळं झालं. नकाशा शाखेतल्या मुलींनी वर्गणी काढून मला एक भेट दिली. बेटाच्या आतल्या भागातल्या एका दिवसाच्या सहलीचं तिकीट. पर्यटकांसाठी ती छोटी हिरवी बस निघते ना, तिचं. मला हसूच आलं. तू पाय सुजेपर्यंत हिंडून मोजून आणलेलं बेट मी बत्तीस वर्षं खुर्चीत बसून शाईने कापडावर उतरवलं, आणि बंदरापासून चार मैलांच्या पलीकडे मात्र कधी गेले नव्हते.

काल गेले. बरोबर डबा, छत्री आणि बेटाच्या नकाशातल्या सतरा नंबरच्या शीटची छापील प्रत घेतली. आपण कुठे आहोत ते बघत जावं, एवढाच हेतू. बसमध्ये टोप्या घातलेले पंधरा-सोळा पाहुणे, ध्वनिक्षेपक हातात धरलेली एक हसरी मार्गदर्शक मुलगी आणि सतत काहीतरी पुटपुटणारा ड्रायव्हर. मुलगी म्हणाली की आता नदीला सात वळणं लागतील. मी मागून सांगितलं की नऊ. तिने मोजली, नऊ निघाली. मग दर वळणाला सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. तू असतास तर मला चिमटा काढून गप्प बसवलं असतंस.

दादा, काय काय सांगू तुला. उंची दाखवणाऱ्या रेषा मी जिथे एकमेकींना चिकटवून काढल्या होत्या, तिथे बस चढताना कान बंद होतात हे मला ठाऊकच नव्हतं. दालचिनीच्या बागेत शिरायच्या आधीच वास येतो. केळीच्या बागांसाठी मी जी एक ठरावीक खूण हजारो वेळा काढली, ती खरं तर माणसाच्या दुप्पट उंच, फाटक्या पानांची, वाऱ्यात सारखी बडबडणारी झाडं आहेत. दुपारपर्यंत मी लहान मुलीसारखी खिडकीला नाक लावून बसले होते.

मग चढावर इंजिन तापलं. ड्रायव्हर बादली घेऊन पाणी शोधायला उतरला. मार्गदर्शक मुलगी म्हणाली की इथे बघण्यासारखं काही नाही, सगळ्यांनी बसून राहावं. मी शीट उघडून बघितलं. खरंच काही नव्हतं, नुसतं माळरान दाखवलेलं. पण पाचच मिनिटांत ड्रायव्हर भरलेली बादली घेऊन परत आला.

मी उतरले आणि त्याने दाखवलेल्या वाटेने गेले. नारळाच्या रांगेपलीकडे विहीर होती. विहिरीभोवती घरं होती. एक म्हातारी ओसरीवर टोपली विणत बसली होती. तिने न विचारता मला तांब्याभर पाणी दिलं आणि मी ते प्यायले. शेजारी फणसाच्या झाडाला सरकारी नोटीस ठोकलेली. सतरा नंबरच्या शीटप्रमाणे ही जमीन निर्मनुष्य असल्याने ती हॉटेलासाठी देण्यात येत आहे, कोणाची हरकत असल्यास २८ फेब्रुवारीला सुनावणीस हजर राहावे. म्हातारी म्हणाली की ती कचेरीत जाऊन आली. तिथल्या कारकुनाने नकाशा दाखवून तिला सांगितलं की तिथे कोणी राहतच नाही. तेव्हा तिने हात पुढे करून त्याला चिमटा काढून बघायला सांगितलं म्हणे. हे सांगताना ती हसत होती. मला हसता आलं नाही.

तुला आठवतं का, मी सव्वीस वर्षांची होते. शीट पूर्ण झालं होतं. तू संध्याकाळी घरी जेवताना मला सांगितलंस की त्या माळावरची चोवीस घरं आणि विहीर काढून टाक, ती माणसं उठून गेली. दुसऱ्या दिवशी मी ब्लेडने एकेक घर खरवडलं. दुपारपर्यंत काम संपलं होतं.

दादा, ती माणसं कुठेही गेली नव्हती. तुला हे तेव्हा माहीत होतं का? एवढंच लिही.

कळावं. वहिनीला नमस्कार. तुझा लोभ मी कायम गृहीत धरलेला आहे, आजही धरते.

तुझी
मुंगी


सोमवार, ११ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. सहलीचं वर्णन वहिनीने दोनदा वाचायला लावलं. नदीच्या वळणांवरून त्या पोरीला छळलंस हे वाचून बरं वाटलं. निवृत्त झालीस तरी खोड गेली नाही.

बाकीच्याबद्दल थोडक्यात लिहितो. तेव्हा साहेबांनी मला सांगितलं, मी तुला सांगितलं. वस्ती तात्पुरती आहे, वर्षभरात हलवणार आहेत, उगाच शीटवर कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. साहेब आता हयात नाहीत. त्यांना विचारता येणार नाही आणि मेलेल्या माणसावर ढकलणं शोभत नाही. कचेरीत अशा गोष्टी होत असतात. तू तर निव्वळ ट्रेसर, समोरचं गिरवणारी. तुला कोणी जाब विचारणार नाही आणि तू होऊन द्यायला जाऊ नकोस.

तुझे निवृत्तीचे कागद अजून सहीला पडले आहेत, हे विसरू नकोस. आणि शीटच्या कोपऱ्यात सर्व्हेयर म्हणून माझं नाव आहे. त्याच कचेरीच्या जिन्यात माझा फोटो लावलेला आहे. म्हातारपणी तो उतरवताना मला बघायचा नाही.

आई-वडिलांमागे मी तुला वाढवलं, नोकरीला लावलं. कधी काही मागितलं नाही. आज मागतो. गप्प राहा. विणकाम कर, मांजर पाळ, हवं तर आणखी एक सहल कर. तिकीट मी पाठवतो.

इकडे सर्व ठीक. गुडघे कुरकुरतात. प्रकृतीला जप आणि डोकं शांत ठेव, हाच आशीर्वाद समज.

तुझा
दादा


रविवार, १७ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रात माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही. दोन वेळा वाचलं, मग उजेडात नेऊन वाचलं. तुला माहीत नसतं तर तू पहिल्याच ओळीत तसं लिहिलं असतंस. तुझं अक्षर मी तीस वर्षं वाचलंय.

सहलीचं तिकीट पाठवू नकोस. मी परवा पुन्हा गेले, या वेळी साध्या बसने. भाजीच्या टोपल्या, कोंबड्या आणि माझ्या मांडीवर कुणाचं तरी झोपलेलं बाळ. चार तास लागले. टोपल्या विणणाऱ्या आजींनी मला ओळखलं. मी त्यांना सांगून टाकलं की तुमचं घर मी खोडलं, या हातांनी. त्यांनी हातातली टोपली खाली ठेवली. मग त्यांनी विचारलं की किती वेळ लागला. मी म्हटलं, अर्धा दिवस. त्या म्हणाल्या की बांधायला त्यांना आणि त्यांच्या नवऱ्याला दोन वर्षं लागली होती. एवढं बोलून त्यांनी मला वस्ती हिंडून दाखवली. आता एकेचाळीस घरं आहेत. एक शाळा आहे, तिला भिंती तीनच आहेत, कारण चौथी उभी राहायच्या आधी नोटीस आली.

परतल्यावर कचेरीत गेले आणि सुनावणीत मला साक्ष द्यायची आहे, असा अर्ज दिला. नव्या साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि अतिशय गोड आवाजात सांगितलं की अशाने निवृत्तीचे कागद लांबू शकतात. मी म्हटलं, लांबू देत. बत्तीस वर्षं याच इमारतीत लाकडी स्टुलावर बसले आहे, कागद होईपर्यंत रोज येऊन बसेन, बसायची सवय आहे. त्यांनी माझ्या कपाखालची बशी सरळ केली.

दादा, तू मला वाढवलंस. माझ्या फ्रॉकची बटणं तू लावलीस, गणितात नापास झाले तेव्हा तूच शाळेत येऊन उभा राहिलास. ते ऋण मी फेडणार नाही, ते फिटण्यातलं नाही. पण त्याच्या बदल्यात एकेचाळीस घरं मागू नकोस. ती माझी नाहीत द्यायला.

मी परवानगी मागत नाही, कळवते आहे. तुझ्या पाठीमागे काही करायचं नाही म्हणून आधी लिहिलं.

लोभ ठेवणं न ठेवणं तुझ्या हाती. माझा मी ठेवलेला आहे.

तुझीच
मुंगी


रविवार, २४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

हे पत्र मी तुमच्या दादांना न सांगता लिहिते आहे. लग्नाला चाळीस वर्षं झाली, एवढी चोरी चालून जाईल.

तुमचं पत्र आल्यापासून ते माझ्याशीही धड बोलत नाहीत. जेवायला बसतात आणि पानावरून उठतात. तुमचं नाव काढायचं नाही, असं पहिल्या दिवशी बजावलं. दुसऱ्या दिवशी स्वतःच तीनदा काढलं. ती हट्टी आहे, ती कृतघ्न आहे, तिला एवढ्या लांब बसने जाताना उलट्या झाल्या नाहीत ना, असं सगळं एका दमात.

काल माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढायला लावली. त्यात त्यांच्या जुन्या मोजणीच्या वह्या आहेत. त्यातली एक घेऊन दिवसभर गॅलरीत बसले होते. मी विचारलं तर म्हणाले, शाई अजून वाचता येते.

मी त्यांची बाजू घ्यायला लिहीत नाही. बायको म्हणून मला त्यांची काळजी वाटते. पण माझं घर कोणी नकाशावरून पुसलं असतं तर मी पहिली त्या कचेरीत जाऊन ठाण मांडून बसले असते. तेव्हा तुम्ही जा. चांगली इस्त्रीची साडी नेसा, चष्मा विसरू नका आणि आवाज खाली पडू देऊ नका. तुम्ही घाबरलात की पुटपुटता.

इथल्या घराचं दार तुम्हाला उघडं आहे. ते बंद करायला आले तर आधी माझ्याशी गाठ आहे. माया आहेच, ती कागदावर किती लिहू.

तुमची
वहिनी


शुक्रवार, १ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं उत्तर नाही. तरी काल काय झालं ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून लिहिते.

सुनावणीची खोली लहान होती. वस्तीतली तीसेक माणसं मागे भिंतीला टेकून उभी, पुढे हॉटेलवाल्यांचे वकील आणि नवे साहेब, आणि मेजापलीकडे सुनावणी घेणारी अधिकारी बाई, तरुण, सर्दी झालेली. वकील सभ्य होते. त्यांनी विचारलं की या महिन्याआधी तुम्ही ती जागा कधी पाहिली होती का. मी म्हटलं, नाही. मग ते म्हणाले की ट्रेसरने समोर असेल ते गिरवायचं असतं, जमिनीवर काय आहे याचं मत ट्रेसरला नसतं. मी म्हटलं, अगदी बरोबर. म्हणूनच मी चोवीस घरं मनाने काढलेली नव्हती. मोजणीच्या वहीत होती म्हणून काढली. आणि खोडायला सांगितली म्हणून खोडली.

ते म्हणाले की छापील शीटवर खोडल्याची काही खूण नाही. मी म्हटलं, छापील प्रतीवर दिसणार नाही, मूळ कापड आणा. नव्या साहेबांनी ते सापडायला वेळ लागेल असं सांगितलं. बाईंनी नाक पुसलं आणि म्हणाल्या की वेळ आहे. तासाभराने कापड आलं. मी ते खिडकीच्या काचेवर धरायला सांगितलं. दादा, तुला तर ठाऊकच आहे, ट्रेसिंगचं कापड खरवडलं की तिथली झिलई जाते, ते पातळ पडतं आणि उजेड तिथून वेगळाच येतो. माळावर चोवीस पांढरट चौकोन उमटले आणि मधोमध एक गोल. बाईंनी पेन्सिलीच्या टोकाने एकेक मोजला. मागची माणसं आपोआप पुढे सरकली. टोपल्या विणणाऱ्या आजी कुणी बोलावलं नसताना खिडकीपाशी आल्या, गोलाच्या डावीकडच्या चौकोनावर बोट ठेवलं आणि हे आमचं, असं म्हणाल्या. त्यांना वाचता येत नाही, पण विहिरीपासून आपलं घर कुठे ते कळतं.

मग बाईंनी मला विचारलं की खोडायला कोणी सांगितलं. मी म्हटलं की हुकूम तोंडी होता आणि तो देणारा माझा सख्खा भाऊ आहे. का दिला ते त्याने सांगायचं, त्याच्या वतीने मी सांगणार नाही. माझा आवाज पडला नाही.

निकाल नाही. पुढची तारीख २१ मार्च. तोवर कुणाला उठवायचं नाही, असा लेखी हुकूम निघाला. तुला समन्स येईल. तू येऊ नयेस म्हणून आजारपणाचा दाखला कसा मिळवायचा, हे सांगायला नवे साहेब तुला फोन करतील, असा माझा अंदाज आहे.

मी केलं त्याचा मला पश्चात्ताप नाही. तुला दुखावल्याचं दुःख आहे. दोन्ही खरं आहे आणि एकासाठी दुसरं मी मागे घेणार नाही.

लोभाचं काय ते तू ठरव.

मुंगी


शुक्रवार, ८ मार्च

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

समन्स आलं. फोनही आला. गोड आवाज आहे खरा. मी त्यांना सांगितलं की माझी तब्येत ठणठणीत आहे आणि साक्ष टाळायला मी गुडघ्यांची सबब सांगणार नाही.

तू चारचौघांत माझं नाव घेतलंस याचा मला राग आहे. तो लवकर जाईल असं वाटत नाही. पण तू विचारलं होतंस त्याचं उत्तर मी तुला दिलं नाही, ते आता देतो. हो, माहीत होतं. साहेबांचा हुकूम खरा, पण ती माणसं कुठेही जाणार नाहीत हे मला त्यांच्याहून जास्त माहीत होतं. चार दिवस मी त्या वस्तीत मुक्कामाला होतो. मोजणीची साखळी एकट्याला ताणता येत नाही. माझा गडी तापाने पडला होता, तेव्हा दुसरं टोक त्यांच्यातल्याच एका माणसाने धरलं. दुपारी काम थांबलं की तो विळा घेऊन वेत तासायचा आणि टोपल्या विणायचा. मोजणीच्या वहीत त्याचं नाव मी लिहून ठेवलेलं आहे, आणि विहिरीच्या डावीकडचं घर त्याचं, हेही. त्याने मजुरी घेतली नाही. म्हणाला होता की आमची घरं सरकारी नकाशात येणार, तर त्याचे पैसे कसे घ्यायचे.

बत्तीस वर्षं मी स्वतःला सांगत आलो की तो हुकूम होता. काल रात्रीपर्यंत सांगत होतो.

मंगळवारी १९ तारखेच्या बोटीने निघतो. वही बरोबर आणतो. वहिनी ऐकत नाही, तीही येते आहे, तेव्हा दोन अंथरुणं काढून ठेव. सुनावणीत मी नकाशात चूक झाली असं म्हणणार नाही. बेट मी अचूक मोजलं होतं. तो नकाशा जाणूनबुजून खोटा केला आणि त्याखाली सही माझी आहे, असं सांगेन. फोटो उतरवायचा असेल तर उतरवू देत, मी जिन्यात उभा राहून बघेन.

मात्र आधी मला त्या वस्तीवर घेऊन चल. २० तारखेला, साध्या बसने. टोपल्या विणणाऱ्या त्या बाईंच्या नवऱ्याचं, म्हणजे माझी साखळी धरणाऱ्या त्या माणसाचं, पुढे काय झालं, ते तू कुठल्याच पत्रात लिहिलेलं नाहीस. तो नसला, तर हे सगळं मला त्यांच्या ओसरीवर बसून त्यांना सांगायचं आहे, कचेरीत सांगायच्या आधी.

रागावलेला, आणि तरीही येणारा,
तुझा
दादा