पालकाची सही

देवगाव रंगारी,
१४ फेब्रुवारी १९९९

प्रिय जहांआरा,

तुझं पाकीट मिळून आज नववा दिवस. आमच्या फकिरा पोस्टमनने ते माझ्या हातात ठेवण्याआधी अर्ध्या गावाला दाखवलं होतं. पाकीट उघडंच होतं म्हणे. आतली चिठ्ठी तेवढी आपण वाचली नाही, असं तो शपथेवर सांगतो. म्हणजे ती त्याने दोनदा वाचली असणार. तेव्हापासून मी पारावरून गेलो की कुणी ना कुणी हाक मारतंच, "मास्तर, औरंगाबादेत तुमच्या हातानं उद्घाटन हाय म्हणं!" मी नुसतं हं म्हणून पुढे सटकतो. तुझ्या चित्रप्रदर्शनाच्या पत्रिकेवर तू छापलंयस, 'उद्घाटक : माझे पहिले गुरू, श्री. बद्रीनाथ मास्तर.' तुला वाटलं असेल, म्हातारा आनंदाने लगेच उलट टपाली उत्तर धाडेल. नऊ दिवस मी पेन उघडून बसतो आणि शाई वाळवून उठतो. येतो की नाही, एवढं एका ओळीचं उत्तर. पण ती ओळ लिहिण्याआधी बरंच काही लिहावं लागणार आहे.

आधी चित्राबद्दल. पत्रिकेवर छापलेलं 'बारा वर्षांची मी' हे चित्र मी चष्मा पुसून पुसून पाहिलं. काय गं हात झालाय तुझा! जमिनीवर कोळशाने रेघा ओढणारी ती पोर, तिच्या फ्रॉकची उसवलेली शिवण, शेजारचा माग, आणि मागावरच्या हिमरू शालीतून सुटलेले धागे भिंतीवर चढता चढता त्यांची झालेली पाखरं. कौतुक करायला सुरुवात केली तर मास्तरकी आड येते, म्हणून एक खोड काढून टाकतो : पोरीचा डावा पाय जरा आखूड झालाय. बाकी मला बोलायला जागा नाही. पोरीकडे पाठ करून बसलेला तो विणकर मात्र मला बघवेना. चिठ्ठीत तू लिहिलंयस, 'अब्बांनी ड्रॉइंगच्या परीक्षेला नाही म्हटलं, त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली असं मला वाटलं, ते तसंच रंगवलं.' ते वाक्य वाचून मी ताटावरून उठलो. द्वारकाबाईंनी विचारलं, काय झालं. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा मी त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिला सांगा. नाय तर त्या फितीला हात लावू नका."

दर ईदला तुझं पत्र यायचं, त्यामुळे तुझी सगळी वाट मला ठाऊक आहे. लग्नानंतर चिकलठाण्याच्या कारखान्यात तू लाकडी खोक्यांवर नावं रंगवायचीस. दोन लेकरं पदरात असताना चोविसाव्या वर्षी ड्रॉइंगची एलिमेंट्री द्यायला शाळेच्या बाकावर बसलीस आणि शेजारच्या पोरींनी तुला खाला, म्हणजे मावशी, म्हणून रबर मागितलं. पुढची परीक्षा पहिल्या वेळी हुकली, दुसऱ्यांदा ताप अंगात घेऊन दिलीस. मग शाळेतली नोकरी, आणि आता पन्नाशी उलटल्यावर हे प्रदर्शन. प्रत्येक पत्रात लिहायचीस, 'तुम्ही शिकवलंत म्हणून.' मी ती पत्रं घडी करून पेटीत ठेवायचो आणि उत्तरात शेतीपाण्याच्या गप्पा लिहायचो.

आता १९५८ सालाकडे येतो. मी मुंबईहून चित्रकलेचा डिप्लोमा घेऊन औरंगाबादेत तुमच्या शाळेवर लागलेला, सत्तावीस वर्षांचा. आमच्या गावात तेवढं शिकलेला मी एकटा, त्यामुळे डोकं सदा आभाळात. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला दहा वर्षं होत आली होती, शाळेतली उर्दू जाऊन मराठी आली होती आणि आम्ही नवे मास्तर स्वतःला फार मोठे समजत होतो. ड्रॉइंगच्या परीक्षेला कुणाला बसवायचं ते ठरवायला मी वर्गात सांगितलं, घरात पाहिलेली एखादी शाल काढा. तू काढलीस ती शाल मला धाग्यांचं जंजाळ वाटली. नक्षी धूसर, फुलांना कडा नाहीत, सगळीकडे लोंबते धागे. मी तो कागद वर्गापुढे धरला, दहापैकी दोन मार्क दिले आणि म्हणालो, "हिला आधी डोळे तपासून आणायला सांगा." वर्ग हसला. तू हसली नाहीस की रडली नाहीस, कागद मागून घेतलास. त्याच संध्याकाळी हेडमास्तरांना मी नावं दिली, त्यात तुझं नव्हतं.

वर्गातलं तुला आठवत असेलच. पुढचं तुला ठाऊक नाही. दोन दिवसांनी तुझे अब्बा, कमरोद्दीनभाई, शाळेत आले. हातात परीक्षेचा फॉर्म होता, कारकुनाकडून त्यांनी स्वतः मागून घेतलेला. "मास्टरसाब, पोरीचा हात लई साफ हाय. तिला बसू द्या," एवढंच म्हणाले. सही त्यांनी उर्दूत केली होती. त्यांना वाटेला लावायचं म्हणून मी म्हणालो, मराठीत सही लागते. असा काही नियम नव्हता. ते मान डोलावून गेले. चार दिवसांनी फॉर्म घेऊन ते पुन्हा आले, तो माझ्या हातात दिला आणि मला चहाला घेऊन निघाले. "पोरीला काय बोलू नका, नंबर लागला की मीच सांगेन," असं वाटेत तीनदा बजावलं. तू तेव्हा शाळेत होतीस. तुमच्या घरी मी पहिल्यांदा माग पाहिला. शाल उलट्या बाजूने विणत होते. लोंबते धागे वर, फुलं खाली. विणून झालेली शाल घडी होऊन दुकानात जायची. घरच्या लेकराला दिसायची ती हीच बाजू. तू धाग्याला धागा बरोबर काढला होतास, जहांआरा. चूक माझ्या डोळ्यांची होती.

तिथून निघून मी हेडमास्तरांच्या खोलीपर्यंत गेलोही. पण आत जाऊन 'माझं चुकलं' म्हणायचं तर वर्गापुढेही म्हणावं लागलं असतं. मी दारातून परतलो. मुदत संपली. कमरोद्दीनभाईंना सांगितलं, जागा भरल्या. तुला सांगितलं, मी तुझं नाव घालायला तयार होतो, पण घरून होकार आला नाही. त्यांनी तुझं मन दुखू नये म्हणून विषय काढला नाही, आणि तू त्यांना विचारलं नाहीस; तेव्हा बापाला जाब विचारायची रीतच नव्हती. तुम्ही दोघं कधी बोलणार नाही, हे मला कळत होतं. मी त्यावरच निभावून नेलं. त्यांच्या मयतीला आलो होतो तेव्हाही तुला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. तू माझ्यासाठी खुर्ची शोधत होतीस, आणि मी पुन्हा गप्प बसलो. मला याची लाज वाटते. माफी मागायचं तोंड नाही, तरी मागतो.

तेव्हा उत्तर असं : उद्घाटक म्हणून मी येणार नाही. पत्रिकेवरचं माझं नाव खोडून टाक. तू चालेल म्हणालीस तर मागच्या रांगेत येऊन बसेन, नको म्हणालीस तर तेही समजेन. पण हे पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. अब्बांनी तुला नाही म्हटलं, हे मनात धरून तू आणखी एक दिवसही काढू नयेस, म्हणून लिहिलं. सोबत तो फॉर्म पाठवतो आहे. तो फाडायची हिंमत मला कधी झाली नाही. पालकाच्या जागी आधीची उर्दू सही एका रेघेने खोडलेली दिसेल. तिच्याखाली शिसपेन्सिलीने पाच-सहा वेळा गिरवून, मग शाईने केलेली मराठी सही आहे. चार दिवस माग बंद ठेवून ते ती शिकले होते.

तुझाच, आणि तुझा अपराधी,
बद्रीनाथ